कल्पेशदादाची तुला

माझा भाऊ मोठा जॉकी आहे आणि तेवढाच मोठा गाढव आहे. यातलं पहिलं पेपरात छापून आलं, दुसरं मी सांगते.

घोड्यांच्या शर्यतीत तिहेरी मुकुट म्हणून असतो. तीन शर्यती, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब. दोन हिवाळ्यात महालक्ष्मीला, तिसरी पावसाळा सरताना पुण्याला. घोड्याला आयुष्यात ही संधी एकदाच मिळते आणि तिन्ही जिंकणारा विरळाच. दादाने ‘शिलेदार’वर बसून तिन्ही मारल्या! तिसरीच्या आधी आई गावदेवीला नवस बोलली होती, पोरगा जिंकून धड घरी आला तर केळ्यांनी त्याची तुला करीन.

पण धड कुठला? तुलेच्या आठवडाभर आधी मीच त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवणं थांबव, नाहीतर किडन्या जातील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. दादाने मला शपथ घातली, आईला कळता कामा नये. आणि तुलेच्याच दिवशी सकाळी ट्रेनरसाहेबांचा फोन. परदेशातली शर्यत, हलकं वजन, आणखी पाच किलो उतरवायचे, संध्याकाळपर्यंत कळव. दादा म्हणाला, “बघतो.” त्याचं ‘बघतो’ म्हणजे ‘हो’ असतं.

आमचं गाव चिंचोटीच्या अलीकडे, खाडीला लागून. देवळात भातगिरणीचा मोठा तराजू टांगला होता. आमच्या ओळखीच्या प्लासिडकाकांनी वसईच्या त्यांच्या केळीच्या वाडीतून टेम्पो भरून केळी आणली. “जिजाबाय, इतकी कशाला?” त्यांनी विचारलं, तर आई म्हणाली, “माझा पोरगा काय चिमनी हाय?”

दादा पारड्यात मांडी घालून बसला. आई एकेक फणी दुसऱ्या पारड्यात ठेवत गेली. अर्धा ढीगसुद्धा संपला नाही आणि दादा अलगद वर उचलला गेला. मागून कोणी बाई म्हणाली, “जिजे, पोराला जेवायला घालतेस का नाय गं?”

आईचा चेहरा पडला. तिने दादाचा हात हातात घेतला. “कल्पू, सकाळची पेज पिलास?”

“नाही.”

“पानी?”

त्याने तोंड फिरवलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहाटे हा बाबा रबरी कोट घालून खाडीच्या बांधावर धावत होता, नंतर कितीतरी वेळ गरम पाण्याच्या वाफेत कोंडून बसला होता. मला वाटलं, सवय.

“अरे गाढवा,” मी ओरडले, “ही देवीची तुला आहे, शर्यत नाही! इथे जास्त भरलं तर चांगलं असतं!”

“कळतं गं,” तो काट्याकडे बघत म्हणाला. “पण काट्यावर बसायचं म्हटलं की घशाखाली काही उतरतच नाही. जास्त भरलो तर काढून टाकतील, असंच वाटत राहतं.”

काढून टाकायला देवी काय घोड्याचा मालक आहे? मला रडू फुटलं. गेली शपथ खड्ड्यात म्हटलं आणि डॉक्टर काय बोलले ते देवीसमोर सगळं सांगून टाकलं. पाच किलोंचंसुद्धा.

आता आई आकाशपाताळ एक करणार असं मला वाटलं. तिने हातातली फणी खाली ठेवली आणि गुरवाला म्हणाली, “थांबा. ही तुला झाली नाय.”

“झाली की, जिजाबाय. पारडं टेकलं.”

“मी देवीला माझ्या पोराचं वजन कबूल केलंय. हे त्याचं वजन नाय. त्यातलं कितीतरी शर्यतवाल्यांनी आधीच नेलंय.” मग दादाकडे वळली. “पोटभर जेवून, अंग धरून बसशील तवा नवस फिटंल. म्हयना लागू दे, वरीस लागू दे. तुला परदेशी जायाचंय ना? जा. देवीचं देनं डोक्यावर ठेवून जा.”

गुरवाने मान डोलावली. नवस अर्धवट ठेवून गाव सोडायची कोणाची छाती आहे आमच्याकडे?

दादा खाली मान घालून बसला. आईने पारड्याबाहेरच्या ढिगातलं एक केळं सोललं आणि त्याच्यासमोर धरलं. त्याने आधी काट्याकडे पाहिलं. मग एक घास घेतला. तो गिळायला त्याला इतका वेळ लागला की माझाच जीव कासावीस झाला.

केळं संपल्यावर त्याने माझ्याकडून फोन मागून घेतला. “साहेब, माझं जमणार नाही. दुसरा जॉकी बघा.” पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. दादाने तो ऐकून घेतला, “नाही साहेब” म्हणाला आणि फोन ठेवला.

मग आईकडे न बघता, लहान असताना मागायचा तसा, त्याने हात पुढे केला.

“आई, अजून एक दे.”