बाईंच्या वहीचा राग

मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, पाठीला तीनदा चिकटपट्टी लावलेली. पद्धत आहे म्हणून तुम्हाला 'मित्रांनो' म्हणते, मनापासून म्हणत नाही. का ते ऐका, आणि मध्ये चुळबुळ करू नका.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. बाईंनी मला दुकानातून आणलं, तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं. बाई एका खाजगी क्लासात इंग्रजी शिकवायच्या. जिना चढून गेलं की दोन खोल्या. एकीत बाकं, दुसरीत क्लासचे मालक. त्यांना सगळे सर म्हणायचे, पण त्यांना शिकवताना मी कधी पाहिलं नाही. ते पालकांशी बोलायचे आणि खुर्चीत गोल फिरायचे.

इंग्रजीतल्या फ्रेजल व्हर्बनी तुम्हा क्लासच्या पोरांच्या नाकी नऊ आणले होते. साधं 'टेक', पण त्याला 'ऑफ' चिकटलं की विमान उडतं, अंगातला कोट उतरतो, माणूस रजा घेतो, कुणाची नक्कलसुद्धा करतो. "बाई, काय तो एकच अर्थ सांगा ना!" म्हणून तुम्ही रडकुंडीला यायचात. बाई म्हणायच्या, "एकच अर्थ असता तर मला कशाला ठेवलं असतं इथे? लिहा गपचूप."

त्यांची एक रीत होती. माझं एक पान एका क्रियापदाला. प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य, आणि ते त्या दिवशी खरंच घडलेलं हवं. बनावट वाक्यं डोक्यात टिकत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. म्हणून माझ्या 'रन आउट'खाली गॅस संपलेला आहे. 'ब्रेक डाउन'खाली एकदा मिक्सर बंद पडलाय आणि एकदा बाई स्वयंपाकघरात हमसून हमसून रडल्यात. 'टेक आफ्टर'खाली त्यांची मुलगी हट्टात आजीवर गेली आहे. 'लुक आफ्टर'खाली नणंदेबद्दल असं काही आहे, की नणंदेला इंग्रजी येत नाही हे फार बरं झालं.

अकरा वर्षं मी अशी भरत गेले. तुम्ही थुंकी लावून माझी पानं उलटलीत, ओळ न ओळ उतरवून घेतलीत, मार्क मिळवलेत आणि गेलात. तेही सोसलं. "काय वही आहे हो बाई!" असं दुसऱ्या क्लासचे शिक्षकसुद्धा म्हणायचे. बाई तेवढ्यावर खूश असायच्या.

एके दिवशी सर म्हणाले, "जरा वही द्या बाई, झेरॉक्स काढतो." मी गेले ती त्यांच्या खणात. तीन आठवड्यांनी जिन्यात पाटी लागली, की सरांचं फ्रेजल व्हर्बचं पुस्तक येतंय.

बाई तडक त्यांच्या खोलीत आल्या. "सर, माझी वही."

"तुमची कशी? क्लासच्या पोरांसाठी लिहिलीत. क्लासची वही."

"घरी बसून लिहिली मी. निदान नाव तरी माझं घाला."

"क्लासच्या पाटीवर नाव माझं आहे, पुस्तकावरही माझंच राहील. पटत नसेल तर जिना समोरच आहे."

बाईंनी वर्गाकडे बोट केलं. "विचारा पोरांना, कुणाची वही ते!"

आणि त्या माणसाने खरंच विचारलं. मला उचलून वर्गात आणलं आणि तुमच्यासमोर धरलं. "बोला रे, ही वही कुणाची?"

चाळीस जण होतात. चाळिसांच्या दप्तरात माझी नक्कल होती. पण पुढच्या कॉलेजसाठी सरांचं शिफारसपत्र हवं होतं ना! मग काय, अळीमिळी गुपचिळी. एकाने घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला दात असते तर एकेकाला चावले असते.

"झालं समाधान?" सर म्हणाले. बाईंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या. नोकरीही सुटली आणि मीही.

सरांनी मला टायपिस्टच्या हवाली केलं. "जसंच्या तसं कर. एक अक्षर गाळायचं नाही," एवढं बजावलं, पण स्वतः मला एकदाही उघडलं नाही. टायपिस्टने हुकूम पाळला.

रविवारी सकाळी हॉलमध्ये प्रकाशन होतं, खुर्च्यांत तुम्ही आणि तुमचे पालक. व्यासपीठावरचं टेबल डुगडुगत होतं, म्हणून टायपिस्टने मला त्याच्या पायाखाली सरकवलं. अकरा वर्षांची कमाई, आणि जागा ही! तिथून मला शेवटच्या रांगेत बाई दिसल्या. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आल्या होत्या.

प्रमुख पाहुणे म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कौतुकाने पुस्तक उघडलं आणि 'मेक अप'चं पान वाचायला घेतलं. भांडण मिटवणे, बुडालेला तास भरून काढणे, सगळे माना डोलावत होते. मग आला तिसरा अर्थ, रचून सांगणे. त्याखालचं वाक्य त्यांनी खड्या आवाजात वाचलं आणि पालकांसाठी लगेच मराठीतही सांगितलं. "या क्लासचे मालक पदवीधर असल्याचं रचून सांगतात. ते दुसऱ्याच वर्षी नापास होऊन घरी बसले."

सरांनी बाईंना "तुमच्या डिग्रीला कोण विचारतंय?" असं चारचौघांत हिणवलं होतं, त्या संध्याकाळचं ते वाक्य. पान नवं होतं, तुम्ही अजून उतरवून घेतलं नव्हतंत.

सर ताडकन उठले. "हे मी लिहिलेलं नाही! यातली एक ओळ माझी नाही! सगळं त्या बाईंचं आहे!"

आणि मग, मित्रांनो, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. उभे राहून. आता बरा कंठ फुटला!

बाई चालत पुढे आल्या. वाकल्या आणि टेबलाखालून मला ओढून काढलं. हाताने माझी धूळ झटकली. तुमच्यातली एक धावत त्यांच्याजवळ आली. "बाई, आम्हाला माहीत होतं, वही तुमचीच आहे ते."

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तेच तर."

वहीला कव्हर घाला, पानं दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं तेवढंच नाही. कुणी वही वर धरून "कुणाची?" म्हणून विचारलं, की तेव्हाच तोंड उघडा. नंतरच्या टाळ्या तुमच्याजवळच ठेवा.