नोनीची साक्ष

"वहिनी, जास्त काही नको. नोनीच्या गोळ्यांनी बरं वाटलं, एवढंच सांगा," तेहेई माझ्या कानाशी कुजबुजला. प्रार्थना आटोपून सारं बेट चर्चच्या मांडवात बसलं होतं आणि माझा हा धाकटा दीर टेबलावर गोळ्यांच्या डब्यांचा ढीग मांडून उभा होता.

डब्यावर लिहिलं होतं, 'नोनीच्या फळाचं सत्त्व. पेशींचं आणि त्यांतल्या डीएनएचं रक्षण.' आमच्याकडे असलं वाचून कुणी हसत नाही. फ्रेंच लोक पलीकडच्या बेटांवर अणुबाँब फोडत होते तेव्हा मी शाळेत होते. गळ्याला गाठ आली की अजूनही आधी तेच आठवतं.

वाइमितीच्या गळ्याला गाठ होती. तेहेईची एकुलती पोर. राजधानीतल्या, पापेएतेच्या इस्पितळानं केव्हाच बोलावलं होतं आणि बाप तिला गोळ्या चारत बसला होता. त्याच्यावर धड रागावताही येईना, कारण त्याचे वडील त्याच इस्पितळात गेले आणि पेटीतून परत आले.

मी उठले आणि गळ्याचा रुमाल सोडला. तो आडवा व्रण मी इतकी वर्षं कुणाला दाखवला नव्हता.

"नोनी मी पिते. माझ्या परसातली, बरणीत मुरवलेली. मरेपर्यंत पिणार. पण माझी गाठ सुरीनं निघाली, तेहेई. गोळीनं नाही."

"चारचौघांत अब्रू काढता, वहिनी?"

"काढते. पोर हातची गेल्यावर अब्रू काय चाटायचीय?"

वाइमिती जवळ आली. माझ्या व्रणावरून तिनं बोट फिरवलं. "दुखलं होतं, काकू?"

"खूप. खोटं कशाला सांगू? पण नंतर घरी येऊन मासळीवर ताव मारला."

तेहेई माझ्याशी बोलायचा बंद झाला. झाला तर झाला.

विमानाच्या दिवशी मात्र तो आला. वाइमितीसोबत इस्पितळात तिची आई जाणार होती. निघणाऱ्याला शिंपल्यांची माळ आणि परतणाऱ्याला फुलांची, ही आमची रीत. मी मुद्दाम रिकाम्या हातानं गेले होते.

"मी फुलांचीच ओवीन," मी पोरीला म्हटलं. "परत ये, मग घालते."

तेहेईनं तिच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली. गाठीला टोचू नये म्हणून दोन्ही हातांनी ती पुढे उचलून धरली, आणि विमानाच्या पायरीपर्यंत तसाच तिच्यासमोर उलटा चालत गेला.