मांडी किती, कंबर किती

"मावशी, हे आकडे कुठं बसून लिहिलेत तुम्ही?"

डॉक्टर सरनोबतांनी वही टेबलावरून नजीराच्या बाजूला सरकवली. नजीरा शेकायच्या पिशव्यांत गरम पाणी भरत होती. तिनं हातातल्या पिशवीचं बूच घट्ट पिळलं, हात पदराला पुसले आणि मग वहीत पाहिलं. अक्षर तिचंच होतं.

"गडमुडशिंगीत. शाळंच्या वर्गात. का वो, काय चुकलं?"

"काय चुकलं? चाळीस पुरुष मी स्वतः मोजले. पालथं झोपवून पाय मागं उचलला की कुणाचा पंचवीस अंश जातो, कुणाचा अठ्ठावीस. पुस्तकातही जवळपास तेवढंच आहे. आणि तुमच्या बायका बघा. दहा, बारा, अकरा, तेरा. एकीचाही वीस नाही! धडधाकट बायकांचा पाय पुरुषांच्या निम्माच मागं जातो, असं छापलं तर लोक हसतील मला."

डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले, "दोन-चार बायका मोजल्या आणि बाकीच्या अंदाजानं भरल्या, असं असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही."

ते शेवटचं वाक्य नजीराला लागलं. रागावले असते तरी चाललं असतं. सरकारी दवाखान्याच्या या व्यायामोपचार विभागात आया म्हणून तिची पंधरा वर्षं गेली होती. पिशव्या भर, फरशी पूस, चादरी बदल. नवरा शमशुद्दीन गेल्यावर दोन्ही पोरींची लग्नं तिनं याच नोकरीवर केली होती. कामचुकार कुणी म्हटलं नव्हतं, खोटारडी तर नाहीच.

डॉक्टर तसा भला माणूस होता. तिशीतला, शिकून नुकताच गावी परतलेला. धडधाकट माणसाचा पाय खुब्यातून किती मागं जातो, याचे आपल्याकडच्या माणसांचे आकडे त्यांना कुठं सापडेनात. मग आजारी माणसाचा पाय किती आखडलाय हे ठरवायचं कशावरून? म्हणून त्यांनीच मोजायला घेतलं. पोलीस आले, ड्रायव्हर आले, तालमीतली पोरं आली. बायका मात्र एक येईना. दवाखान्यात भाजी घेऊन येणाऱ्या धोंडुबाईला विचारलं, तर ती जिन्यातूनच ओरडली होती, "परक्या बाप्याम्होरं पालथं पडू? डाक्टर, डोस्कं फिरलंय व्हय तुमचं?"

मग डॉक्टरांनी आठ दिवस नजीरालाच शिकवलं. दोन पात्यांचं ते मोजायचं यंत्र खुब्यावर धरायचं, एक पातं धडाच्या रेषेत, दुसरं मांडीच्या, आणि मधला आकडा वाचायचा. नजीरा त्याला कात्री म्हणायची. ती कात्री पिशवीत घालून चार रविवार ती एस.टी.नं धोंडुबाईच्या गावी, गडमुडशिंगीला गेली. शाळेची दोन टेबलं जोडली, दाराला आतून कडी घातली, पाय उचलायला शाळेतल्या तानाबाईला घेतलं. सगळ्यांत आधी आडवी झाली ती धोंडुबाई. तिच्या हसण्यानं टेबल हलायला लागलं.

"माझं किती आलं गं?"

"बारा."

"ह्ये लई म्हणायचं का कमी?"

"रोज पाटी डोक्यावर घिऊन कोल्हापूर गाठतीस न्हवं? मग पुरतंय की तुला."

अशा छत्तीस जणी झाल्या. एकही आकडा अंदाजाचा नव्हता.

नजीरानं वही मिटली नाही. बोट ठेवून ती एकेक ओळ खाली गेली आणि तिला एकदम काहीतरी सुचलं.

"डाक्टर, तुम्ही बाप्यांचा पाय उचलताना कंबर दाबून धरलीती का?"

"कंबर? कंबर कशाला?"

"कशाला म्हंजे? पोलिओच्या पोरांचा पाय ताणताना तुमच्या आधीच्या डाक्टरीणबाई पैली कंबर धरायला लावायच्या. न्हाय धरली तर पाय जातोय कुठला! कंबरच वर येती. तुम्ही मला नुसती कात्री वाचायला शिकवलीसा; मला वाटलं, कंबर तुम्हीबी धरत असशीला. म्हणून मी दर बाईची धरली."

डॉक्टरांनी खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाले, "दाखवा."

"कुणावर दाखवू? झोपा तुम्हीच."

कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालणारा वॉर्डबॉय रफिक घडी अर्धीच टाकून बघायला लागला. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि टेबलावर पालथे झाले. रफिकनं घाबरत घाबरत त्यांचा पाय उचलला. नजीरानं कात्री लावली.

"सव्वीस. आता थांबा. तुमच्या आईएवढी हाय मी, लाजू नगा." तिनं डावा तळहात त्यांच्या कंबरेच्या हाडावर भक्कम रोवला. "रफिक, उचल आता. सावकाश. हाड हाताखाली हललं की सांगते, तितंच थांबायचं... बास!"

पाय अगदी थोडा वर आला होता. तिनं आकडा वाचला.

"बारा."

डॉक्टरांचं तोंड उशीत होतं. "परत," ते म्हणाले. परत बारा. तिसऱ्यांदा तेरा. ते उठून बसले, चष्मा लावला आणि कात्री हातात घेऊन तिची दोन पाती उघडझाप करून बघितली.

"म्हणजे मी मांडी मोजतच नव्हतो. मांडी आणि कंबर दोन्ही मिळून मोजत होतो." मग वर बघून म्हणाले, "मावशी, मघाशी मी बोललो ते चुकलं माझं."

"असूंदे वो," नजीरा म्हणाली. तिला बरं वाटलं होतं, पण पिशव्यांतलं पाणी निवत चाललं होतं.

डॉक्टरांनी पुरुषांच्या चाळीस ओळींवर स्वतःच्या हातानं रेघ मारली. पुढच्या सोमवारपासून ते सगळे परत बोलावले. वहीत आता दोन रकाने होते, मांडी किती आणि कंबर किती. पुरुष चड्डीवर असायचे म्हणून मध्ये पडदा लावला होता. आत डॉक्टर आणि रफिक, बाहेर डॉक्टरांच्या टेबलापाशी त्यांच्याच खुर्चीवर नजीरा. कंबर सुटून वर आली की टेबल कुरकुरायचं; आत एक आडदांड हवालदार पालथा झाला आणि कंबर दाबताना रफिकचा हात बिचकायला लागला, हे तिला त्यावरूनच बाहेर कळलं.

"रफिक, म्हशीवरनं हात फिरवतोयस व्हय? दाब की!"

आत हवालदारासकट सगळे हसले. मग टेबलाचा आवाज थांबला.

"मावशी, लिहा," पडद्यामागून डॉक्टर म्हणाले. "मांडी अकरा. कंबर चौदा."

नजीरानं पेन उचललं, पण टेकवलं नाही.

"उजवी का डावी?"

डॉक्टरांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं.

"उजवी."

"मग तसं सांगा की," ती म्हणाली आणि लिहायला लागली.