तळ्याकाठी जायचं ठरलं होतं

आधी नाक धरा. मी तंबू बोलतोय, आणि मला वास येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तो वास माझा नाही हो, माणसांचा आहे. तेवढंच सांगायला तोंड उघडलंय.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमधला. ओळीनं शिलाई मशिनी आणि त्यांच्यामागं बायका. मला शिवणारी बाई दिवसभर शेजारणीकडे नवऱ्याच्या कागाळ्या करायची, पण टाका कधी चुकला नाही तिचा. शेवटी माझ्यावर बादल्या ओतून पाहिल्या, आत थेंब आला नाही. तेव्हा मी हिरवागार होतो आणि अंगाला कोऱ्या कापडाचा वास होता. काय दिवस होते ते!

दुकानातून मला उचललं कॅप्टननं. हा बोटीवरचा कॅप्टन नव्हे. विम्याच्या कचेरीत बसतो. घरात कुठलाही बेत ठरवायचा म्हटलं की पुढं पुढं करणारा हाच, म्हणून बायकोनं ठेवलेलं नाव. दुकानात मला उभा करायला लावून हे गृहस्थ बुटांसकट आत शिरले, आडवे झाले आणि म्हणाले, "मस्त!" माझ्या स्वच्छ अंगावर पहिला चिखल तो. मी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं.

पहिली सहल मात्र झाली. गर्द झाडीत एक तळं आणि काठावर मी. आत कॅप्टन, त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण आक्का. आक्कानं सगळा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढलेला, भाऊबंदांचं केलं, स्वतः कुठं गेली नाही. सकाळी तिनं माझी चेन उघडली आणि तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. समोर पाण्यावरून धुकं सरकत होतं.

"अरे उठा की! बघा तरी!" ती म्हणाली. कॅप्टननं तोंडावर पांघरूण ओढलं.

निघताना सर आली. मला वाळवायचं कुणाच्या मनात आलं असेल, तर शपथ. ओलाच गुंडाळला. आत कॅप्टनचा एक मोजा राहिला आणि अर्धवट खाल्लेलं उकडलेलं अंडं. मला तसंच बैठकीच्या दारावरच्या माळ्यावर ढकललं. पुढं काय झालं ते सांगताना मलाच ओकारी येते. अंडं काळं पडलं, पाझरलं, मोज्यात मुरलं. माझ्या अंगावर बुरशीचे ठिपके उठले. वर्षानुवर्षं मी त्या दोघांना पोटाशी धरून पडलो होतो. शी!

आणि खाली काय चाललं होतं? बेत! दर रविवारी चहा झाला की पुढच्या सहलीची बैठक. कॅप्टन फोनवर तळ्याचा नकाशा मोठा करून बोट फिरवायचा. तंबू या काठाला लावायचा की त्या? चूल पेटवायची की शेगडी न्यायची? डासांचं काय? बायको विचारायची, "संडास किती लांब?" त्यावर तासभर खल. मग घड्या घालायच्या खुर्च्या आल्या, कंदील आला, पाण्यात न बुडणारा डबा आला. डबा पाण्यात कशाला टाकणार होते, देव जाणे! सामानानं कोपरा भरला, पण माळ्यावर हात घालून तंबू बघावा असं एकालाही वाटलं नाही. यांना जायचं नव्हतंच. यांना ठरवायचं होतं. तोंडाच्या वाफा दवडून झाल्या की सहलीहून आल्यासारखे दमून जेवायला बसायचे.

अशातच एका रविवारी आक्का म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, वर्षभरात उजेड-अंधार तेवढा कळेल. त्याच्या आत एकदा ते पाणी दाखव मला."

"अगं दाखवतो ना! पाणी काय पळून जातंय का?"

"पाणी नाही रे जात. डोळे चाललेत."

त्या दिवशी बैठकीत कुणाला डास आठवले नाहीत. कॅप्टननं तारीख पक्की केली, रजा टाकली. माळ्यावर पडल्या पडल्या मलाही हुरूप आला. म्हटलं, अंगाला वास असला म्हणून काय झालं, दार तर उघडता येतं ना मला!

निघायच्या आदल्या संध्याकाळी मला खाली काढलं. चेन ओढली आणि घरभर घमघमाट! बायको पदर नाकाला लावून गॅलरीत पळाली. कॅप्टननं दोन बोटांनी तो मोजा उचलला.

"कुणी ठेवला हा असा?" तो ओरडला.

"मोजा कुणाचा आहे, ते बघा आधी!" बायको बाहेरूनच म्हणाली.

"हे बघ, अशा तंबूत झोपलो तर आजारी पडू. पुढच्या वर्षी नवा घेऊ, मग नीट जाऊ."

आक्का बॅग भरून दाराशी बसली होती. "तंबू राहू दे की रे. सतरंजी टाकू. गाडीत झोपेन मी. नुसतं नेऊन आण."

"आक्का, असं अर्धवट मजा नाही येत. सगळं कसं बेतशीर हवं!"

सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. त्यांच्या आळसाला मी निमित्त झालो, याची मला त्या अंड्याहून जास्त किळस आली. दुसऱ्या दिवशी आक्कानं मला न्हाणीघरात नेलं आणि साबण लावून घासलं. डोळ्यांना डाग नीट दिसत नव्हते, म्हणून बोटांनी चाचपून घासलं. वास पुरता गेला नाही, पण अंगाला माणसाचा हात लागला.

पुढच्या वर्षी नवा तंबू आला. या खेपेला गेले बुवा! आक्कानं हट्टानं मलाही घेतलं, अंथरायला. तळं तेच, झाडी तीच. सकाळी कॅप्टननं तिला हाताला धरून काठावर आणलं आणि माझ्यावर बसवलं.

"कसं दिसतंय रे? धुकं आहे का?" तिनं विचारलं.

"अगं, काय सांगू! थांब," असं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला, फोटो घेतला आणि तिच्या तोंडासमोर धरला. "हे बघ!"

नवा तंबू आवरणारी बायको जागच्या जागी थिजली. आक्कानं हात पुढं केला, फोनच्या काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान आलाय हं." तो खूश झाला. तो फोटो सगळ्यांना पाठवायला तिथं रेंज मिळत नव्हती, म्हणून टेकाडावर चढून गेला.

मग ती बायकोला हळूच म्हणाली, "अगं, पाणी कुठल्या बाजूला आहे? मला तिकडं तोंड करून बसव."

मी अजून तिच्याखाली पसरलेला आहे. दुपारी निघताना हे मला इथंच टाकतील, तशी कुजबुज कानावर आली आहे. खुशाल टाका. तुमच्या त्या माळ्यापेक्षा चिखल बरा. पण बाबांनो, घरात कुणी 'एकदा घेऊन चल' म्हणत असेल, तर बेत गुंडाळा आणि आजच निघा. तंबू धुता येतो.