ओला टॉवेल, फक्त एकदाच

छापखान्यातून पोस्टरांचा गठ्ठा आला आणि फॉन्ट्याने त्याची दोरी दातांनी तोडली.

सतरा तारीख, शुक्रवार, इथवर सगळं ठीक होतं. तिथे त्याचं स्वतःचं नाव होतं. अकरा वर्षं या हॉलची पोस्टरं करून झाल्यावर पहिल्यांदा मिळालेली तारीख, काळ्या ठसठशीत अक्षरांत. ती बघायच्या घाईतच दोरीला दात लावले होते. पण नजर जरा खाली सरकली. अठरा तारीख, शनिवार. ‘ओला टॉवेल. बऱ्याच वर्षांनी पुन्हा, फक्त एकदाच.’

ओला टॉवेल नावाचा बँड जगात कुठेही नव्हता. ओला टॉवेल फॉन्ट्याच्या खुर्चीच्या पाठीवर वाळत होता. शनिवारचा खरा बँड ‘कळवतो, कळवतो’ म्हणत आठ दिवस झुलवत होता, आणि जागा रिकामी ठेवून पोस्टरची मांडणी काही कळत नाही. म्हणून त्याने समोर दिसलं ते टाइप केलं होतं. खालची ओळ तर नुसती जागा भरायला ठोकून दिलेली. मॅनेजरबाईंनी नेहमीप्रमाणे तारखा तपासल्या, वेळा तपासल्या, फोन नंबर तपासला आणि ‘पाठव’ म्हणाल्या. त्याने पाठवलं. नावंही वाचायची असतात हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बाईंच्या का नाही, ते बाईंनाच माहीत. फॉन्ट्याच्या नाही, कारण तो सगळ्या पोस्टरवर एकच नाव पुन्हा पुन्हा वाचत बसला होता.

“तो बँड येत नाही म्हणाला,” बाई चष्मा कपाळावर चढवत म्हणाल्या. “आणि हे कोण?”

फॉन्ट्याने खुर्चीकडे बोट दाखवलं.

बाईंनी टॉवेलकडे पाहिलं, मग पोस्टरकडे, मग फॉन्ट्याकडे. “शाबास,” त्या म्हणाल्या. त्यांची शाबासकी ज्यांना मिळालीय ते ती विसरत नाहीत.

“वर पट्टी चिकटवतो. रद्द म्हणून.”

“आपल्याकडे रद्द होत नाही. छापलं ते होतं.”

हा हॉलचा नियम होता, बाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. एका गोदामाचं तळघर, अठरा पायऱ्या, तीन वेगवेगळ्या जातींच्या एकशे चाळीस खुर्च्या आणि हा नियम, एवढंच ते मागे ठेवून गेले होते. एकदा गायिकेचा घसा बसला तेव्हा त्यांनी स्वतः स्टेजवर बसून दीड तास माउथऑर्गन वाजवला होता. त्यांना माउथऑर्गन येत नव्हता. लोक शेवटपर्यंत बसले, कारण दार आतून लावलं होतं असं काही जण सांगतात. पण छापलं ते झालं होतं.

“मग वाजवणार कोण? टॉवेल?”

“बघू. कुणीतरी मिळेल. तिकिटं तरी कोण घेतंय त्याची!”

इथे बाई चुकल्या. मंगळवारपर्यंत ओल्या टॉवेलची साठ तिकिटं गेली. बुधवारपर्यंत शंभर. फॉन्ट्याच्या शुक्रवारची नऊ, त्यातली दोन तिकीटवाल्याने चुकून दिलेली. ‘शनिवारचं आहे ना?’ म्हणत ती माणसं परत आली आणि बदलून घेऊन गेली. मग राहिली सात.

फॉन्ट्या वैतागला. चाळीस गाणी त्याने लिहिली होती, त्यातली चौदा लोकांपुढे म्हणावीत अशी होती, आणि त्या चौदांसाठी तो अकरा वर्षं दुसऱ्यांची नावं मोठी करत आला होता. कुणाच्या नावाला कुठलं अक्षर शोभेल, कुणाचं नाव लांब म्हणून दोन ओळींत कसं तोडावं, यात त्याचे केस विरळ झाले. आणि लोकांना काय हवं? तर टॉवेल! त्याच्या नावाखाली त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘स्वतःची गाणी, प्रथमच’. ते वाचून कुणाचा पाय घरातून निघत नव्हता. टॉवेलखाली जे खोटं लिहिलं होतं त्यावर मात्र लोक तुटून पडले होते. त्याला कळेना की राग लोकांचा करावा, बाईंचा करावा की टॉवेलचा. सोय म्हणून त्याने तिघांचाही केला.

त्यात पहिल्या रांगेतले काका. हे काका हॉलच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसत आणि प्रत्येकाला सांगत की आता पूर्वीसारखं राहिलं नाही. बुधवारी ते तिकीट घ्यायला आले तेव्हा फॉन्ट्या भिंतीवर पोस्टर लावत होता.

“ओला टॉवेल!” काका म्हणाले. “यांना मी अगदी सुरुवातीला ऐकलंय. तेव्हा त्यांचा ड्रमवाला काय वाजवायचा!”

“कधी ऐकलंत?” फॉन्ट्याने विचारलं.

“तू लहान असशील तेव्हा.”

“आणि काका, शुक्रवारी माझा...”

“हो हो, दिसलं. हा कोण नवीन, म्हटलं. तू होय! मला वाटायचं तुझं नाव फॉन्ट्याच.” आणि काका एक तिकीट घेऊन गेले. शनिवारचं.

पण खरा घाव घरचा होता. ताईचा फोन आला. ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यापासून दोघं एकाच घरात राहत होती, तिच्या आणि त्याच्या खोलीत एक भिंत.

“अरे, शनिवारची दोन तिकिटं मिळतील का? ऑफिसातल्या मैत्रिणीला पण यायचंय. सगळीकडे त्याच टॉवेलची चर्चा.”

“आणि शुक्रवार?”

“शुक्रवारी मीटिंग आहे रे. आणि तुला काय, घरी ऐकतेच की रोज.”

फॉन्ट्याने तिकिटं दिली. स्वतःच्या हाताने पाकिटात घालून दिली. त्या दिवशी तो जेवताना एक शब्द बोलला नाही, आणि ताईला वाटलं त्याची दाढ दुखतेय.

गुरुवारी दुपारी बाईंनी त्याला बोलावलं. शनिवारची एकही खुर्ची उरली नव्हती, आणि बाईंचे सोळा जणांना फोन करून झाले होते. सोळाच्या सोळा जण त्या दिवशी दुसरीकडे वाजवत होते.

“तूच वाजव,” बाई म्हणाल्या.

“मी शुक्रवारी वाजवतोय.”

“मग हात बसलेलाच असेल.”

“माझ्या नावाने वाजवतो. पोस्टरवर तसं लिहू.”

“लोकांनी तिकीट कशाचं काढलंय?”

“बाई, ती माझी गाणी आहेत!”

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्यांचा आवाज उतरतो हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. “तुझीच आहेत. मला का माहीत नाही? साउंडचेकच्या आधी रिकाम्या खुर्च्यांना तू म्हणून दाखवतोस ती मी वर बसून ऐकत असते. पण त्या खुर्च्यांवर माणसं आणायची युक्ती ना तुला साधली ना मला. टॉवेलला साधली. आता काय करू सांग?”

बाईंचं खरं होतं, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त राग आला.

शुक्रवारी अकरा जण आले. फॉन्ट्याने मोजले, कारण मोजता येत होते. तिकीटवाला आणि त्याची बायको, साउंड बघणारा, छापखान्याचा मालक, आपण कुठे आलोय हे नक्की न कळलेलं एक जोडपं, दिवसभर उन्हात फिरून गारव्याला आलेला एक टपालवाला, शेजारच्या दुकानातल्या तिघी, आणि सगळ्यात मागे बाई. त्याने चौदा गाणी म्हटली. आवाज चांगला लागला होता. आईच्या शिवणयंत्रावरचं गाणं म्हणताना तर असा लागला की टपालवाल्याने पिशवी खाली ठेवली. पण एकशे एकोणतीस रिकाम्या खुर्च्या समोर असल्या की टाळ्या संपल्यानंतरची शांतता फार लवकर येते.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता पायऱ्यांवरही माणसं बसली होती. फॉन्ट्या गिटार घेऊन स्टेजवर आला. एकटाच. समोर तिसऱ्या खुर्चीवर काका, मधल्या रांगेत ताई तोंडावर हात ठेवून.

तो माइकपाशी गेला. रात्रभर त्याने ठरवलं होतं ते त्याने बोलून टाकलं.

“ओला टॉवेल नावाचा बँड नाही. कधीच नव्हता. मी इथली पोस्टरं करतो. ती छपाईची चूक होती. माझं नाव...”

इतकं हसले लोक की नाव कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, ते आणखी हसले. कुणीतरी शिट्टी मारली. काका शेजारच्याकडे वळून म्हणाले, “यांची सुरुवात अशीच असायची.” मागून कुणीतरी ओरडलं, “जुनं वाजवा!”

फॉन्ट्याने दात-ओठ खाल्ले आणि कालचीच चौदा गाणी, कालच्याच क्रमाने म्हणायला सुरुवात केली. रागात म्हटली. तरी आवाज लागत गेला, मेला. आईच्या शिवणयंत्राच्या गाण्याला कुणी खोकलंसुद्धा नाही. ते संपलं तेव्हा एकशे चाळीस खुर्च्या एकदम सरकल्या आणि माणसं उभी राहिली. याच क्षणाची त्याने अकरा वर्षं वाट पाहिली होती. आता तो आला होता, आणि लोक ‘टॉवेल, टॉवेल’ म्हणून ओरडत होते.

कार्यक्रमानंतर ताई स्टेजपाशी आली. डोळे लाल झाले होते.

“ते मशीनचं गाणं,” ती म्हणाली. “आईचं. कधी लिहिलंस?”

“नऊ वर्षं झाली.”

“मला कधी म्हणून दाखवलं नाहीस.”

ते गाणं त्याने भिंतीच्या अलीकडे, तिच्या उशीपासून दोन हातांवर बसून, निदान तीनशे वेळा म्हटलं होतं. कित्येकदा तिने भिंतीवर टकटक करून ‘हळू’ म्हटलं होतं. हे सगळं सांगावंसं वाटलं, पण ताई रडत होती, आणि रडणाऱ्या बहिणीशी वाद घालायची त्याला सवय नव्हती.

“राहून गेलं,” तो म्हणाला.

सोमवारी बाईंनी पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. तारखा, वेळा, नावं. पंधरा, शनिवार: ओला टॉवेल, लोकाग्रहास्तव.

फॉन्ट्या संगणकासमोर बसला. सगळी नावं नीट लावली. एका बँडचं नाव लांब होतं, ते दोन ओळींत तोडलं. मग तो पंधरा तारखेपाशी आला. खुर्चीच्या पाठीवर हात गेला. टॉवेल केव्हाच वाळला होता. तो घडी करून त्याने खणात टाकला, आणि त्या जागी स्वतःचं नाव टाइप केलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलं, ‘बऱ्याच वर्षांनी पुन्हा, फक्त एकदाच.’

बाईंनी तारखा तपासल्या, वेळा तपासल्या, फोन नंबर तपासला.

“पाठव,” म्हणाल्या.

चार दिवसांनी गठ्ठा आला. या खेपेला दोरी बाईंनी कापली. पोस्टर उलगडून त्यांनी या वेळी नावंही वाचली. मग चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“छापलं ते होतं, बाई,” फॉन्ट्या म्हणाला.

“शाबास,” बाई म्हणाल्या. या वेळची शाबासकी कोणत्या जातीची होती ते त्याला ओळखता आलं नाही. पोस्टरं आणि खिळ्यांचा डबा उचलून तो पायऱ्या चढून वर गेला.

बाहेरच्या भिंतीवर तो वरचे दोन कोपरे ठोकत होता तेव्हा पहिल्या रांगेतले काका आले. बरोबर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते. दोघांनी पोस्टर वरून खालपर्यंत वाचलं. काकांनी काठीचं टोक पंधरा तारखेवर, फॉन्ट्याच्या नावावर, अगदी जपून टेकवलं.

“याला चुकवू नका,” ते पाहुण्याला म्हणाले. “याचा पहिला कार्यक्रम मी ऐकलाय. इथेच, खाली. आम्ही फक्त अकरा जण होतो.”

फॉन्ट्याला ते अकराच्या अकरा चेहरे पाठ होते. त्याने तोंडातला खिळा काढला आणि खालचा कोपरा ठोकायला घेतला.