मी सामानाचं कपाट नाही

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक जुना फ्यूम हूड आहे, आणि मित्रांनो, मला कुणी कपाट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. पुढे वरखाली सरकणारी काच, पाठीला लांबट फटी आणि गच्चीवर पंखा, असा माझा देह. माझ्या पोटात आम्ल उकळलं की त्याच्या वाफा मी फटींतून ओढतो, वाटेत पाण्याच्या फवाऱ्याने धुतो आणि मगच बाहेर सोडतो.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! मग कुणीतरी एक रिकामी बाटली "जरा वेळ" म्हणून आत ठेवली. बोट दिलं की लोक हात धरतात. बाटल्यांमागून खोकी आली, विभागप्रमुख सरांची मोडकी छत्रीसुद्धा आली. पाठीच्या फटी पार बुजल्या. वर पंखा घरघरायचा आणि खाली माझा जीव घुसमटायचा.

प्रयोगशाळेतल्या मॅडम माझ्यात नायट्रिक आम्लात धातू विरघळवायच्या. तपकिरी वाफा उलट त्यांच्याच तोंडावर यायच्या. खोकून खोकून त्या हैराण झाल्या. "छाती जपा, नाहीतर हे काम सोडा," असं डॉक्टरांनी बजावलं. काम सोडणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

सर म्हणाले, "हे धूड निकामी झालंय. भंगारात काढू. तोवर खिडकी उघडी ठेवा."

निकामी? मी? चोर सोडून संन्याशाला फाशी!

हवा आत ओढली जातेय का ते बघायला मॅडमनी काचेच्या खालच्या कडेला कागदाची पट्टी चिकटवली. ती ढिम्म हलेना. मग त्यांनी वाकून मागे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकेक खोकं बाहेर काढलं, काच खाली ओढली. पट्टी सरळ आत खेचली गेली. किती वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला!

"सर, पट्टी कुठे वळतेय बघा."

"दिसतंय. पण एवढं सामान ठेवायचं कुठे?"

"तुमच्या केबिनमध्ये. त्याच्यापायी माझं काम सुटायची वेळ आली होती."

सरांनी छत्री उचलली. मॅडमनी काम सोडलं नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासमोर उभे राहाल. माझ्या फटी मोकळ्या ठेवा, काच खाली ठेवा, आत डोकं घालू नका. मग उकळू दे ते आम्ल हवं तेवढं. मी त्याला पुरून उरेन आणि त्याची वाफ तुमच्या श्वासापर्यंत पोचू देणार नाही.