'नळ गळतोय' नावाचं वायफाय

गल्लीत त्याला सगळे वॉशरमामा म्हणत. जन्मभर त्याने प्लंबरचं काम केलं. कुणी काहीही तक्रार घेऊन आलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "वॉशर गेला असेल." एकदा शेजारणीची सायकल कुरकुरत होती, तेव्हाही तो सवयीने तेच बोलून गेला. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याची बायको घरीच शिवणकाम करायची. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात तिचं मशीन होतं, आणि त्या मशीनच्या कोपऱ्यावर वायफायचा डबा. मामाला ती जागा कधीच पटली नाही. तो म्हणायचा, "पाइप असो की वायर, भिंतीच्या कडेने गेली पाहिजे. घराच्या मधोमध डबा मांडून बसलीस, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कोपराला लागतो."

ती मशीन चालवता चालवता म्हणायची, "तुमचे नळ तुम्ही बघा. माझा डबा मी बघते."

नळांबद्दल बोलायला तिच्याकडे कारण होतं. लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करत मामा गावभर फिरायचा आणि त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र टपटप गळत असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. बायकोने आठवण केली की तो म्हणायचा, "उद्या बघतो." शेवटी एक दिवस तिने काय केलं, तर वायफायचं नावच 'नळ गळतोय' असं ठेवलं. आता पाहुण्याने फोन काढला की त्याच्या फोनवर पहिली ओळ हीच. प्लंबरच्या घरी! लोक पोट धरून हसायचे. मामाही हसायचा, आणि म्हणायचा, "उद्या बघतो."

मग ती गेली. आजारपण लांबलं नाही, तयारीला वेळच मिळाला नाही.

मामाने मशीनवर जाड चादर टाकली. पांघरूण घातल्यासारखी चारी बाजूंनी खोचली. उघडं मशीन दिसलं की त्याला बोळातून जाववत नसे. चादरीखाली डबा तापायला लागला, म्हणून त्याने तो उचलला. आता कुठे ठेवायचा? इथे त्याने आपलं डोकं चालवलं. पाण्याची टाकी नेहमी उंचावर बसवतात. उंची असली की खाली दाब चांगला मिळतो. मग डबाही उंचावरच हवा. त्याने लांब वायर आणली, पाइपाच्या कडेकडेने ती माळ्यावर नेली, क्लिपा ठोकून नीट बसवली आणि डबा पत्र्याच्या टाकीला खेटून ठेवला. काम एकदम सुबक झालं. बायको असती तर म्हणाली असती, डबा सोडून बाकी सगळं छान आहे.

लेक दूरच्या शहरात राहायची. रोज दुपारी, त्याचं जेवण झालं की, तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या घराच्या भिंती जाडजूड, आत मोबाइलला रेंज नाही. साधा फोन करायचा तर बाहेरच्या पायरीवर उभं राहावं लागे. आत जे काही चालायचं ते वायफायवर. आणि डबा माळ्यावर गेल्यापासून लेकीचा चेहरा मधेच थिजायला लागला. तोंड उघडं, आवाज नाही. कधी आवाज यायचा तर तुकड्यातुकड्याने. तिला वाटायचं बाबा बोलत नाहीत, बाबांना वाटायचं लेक ऐकत नाही.

एके दिवशी मामा वैतागून माळ्यावर चढला. त्याच्या हिशेबाने लाइनीत हवा भरली होती. पाइपात हवा अडकली की पाणी असंच गचके खात येतं. डब्याच्या मागे एक बारीक भोक होतं. हवा काढायला असणार, दुसरं कशाला? त्याने तार घातली आणि दाबून धरली. डब्यावरचे सगळे दिवे एकदम विझले, मग एकेक करून लागले. मामा खूश होऊन खाली आला.

आणि सगळंच बंद पडलं. फोनवर 'नळ गळतोय' दिसेना. त्याऐवजी इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांचं एक लांबलचक शेपूट दिसत होतं.

लेकीने दोन दिवस कॉल केले, एकही लागला नाही. शेवटी तिने शेजारणीला फोन करून बाबांना पायरीवर बोलावलं.

"बाबा, माझा जीव टांगणीला लागला होता! पडलाबिडलात की काय, काही कळायला मार्ग नाही."

"अगं, लाइन खराब आहे."

"लाइन रोजच खराब असते. हे असं चालणार नाही. मी रविवारी गाडी घेऊन येते. घर बंद करा, इकडे या. तिथे एकटे कशाला राहता?"

"एकटा कुठे?" तो म्हणून गेला.

लेकीचा सूर उतरला. मग हळू आवाजात म्हणाली, "मला रोज तुम्ही दिसायला हवेत, बाबा. इतकंच. ते जमत नसेल तर मी तुम्हाला घेऊन जाणार."

मामा आत आला आणि खुर्चीवर बसला. लेकीचं घर चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण त्या घरातल्या एकाही वस्तूला त्याच्या बायकोचा हात लागलेला नव्हता. तो उठला, पुन्हा पायरीवर गेला आणि मेहुणीला फोन लावला.

मेहुणी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली होती. बहिणीचा पहिला डबा तिनेच बसवून दिला होता. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, दारातच आपल्या फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "भावजी, नळ कुठे गेला?"

"हवा काढताना गेला."

"कसली हवा?"

त्याने सगळं सांगितलं. दाब, टाकी, भोक, तार. मेहुणीने पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना.

"हस बाई, हस. रविवारी मला उचलून नेणार आहेत, तोवर हसून घे."

मेहुणीचं हसू थांबलं. "उचलून नेणार? कोण?"

त्याने लेकीचं बोलणं सांगितलं. मेहुणीने पिशवी खाली ठेवली. "चला, शिडी धरा."

"तू चढणार?"

"तुम्ही चढलात की काय होतं ते दिसलंच."

माळ्यावर तिने डबा उलटा केला. पोटावर चिकटवलेल्या कागदावर तेच अक्षरांचं शेपूट आणि एक पासवर्ड छापलेला होता. तो घालून तिने आपला फोन डब्याला जोडला आणि वरूनच एक गाणं लावलं. गाणं कुठेही न अडकता वाजलं.

"ऐकलंत? म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी लाइन ठणठणीत आहे. तुमच्या भाषेत, मीटरपर्यंत पाणी आहे. आता हा माझा फोन घ्या आणि स्वयंपाकघरात जाऊन तेच लावा."

मामा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला. गाणं दोन शब्द बोललं आणि मुकं झालं.

"मीटरपर्यंत आहे, नळाला नाही," मामा खालून ओरडला. हे मात्र त्याला चटकन समजलं. "म्हणजे घोळ घरातला आहे. पण मग एवढ्या उंचावरून दाब का मिळत नाही?"

"कारण ते पाणी नाही, भावजी. ते खाली पडत नाही, चारी बाजूंना पसरतं. दिव्यासारखं. तुम्ही दिवा माळ्यावर ठेवून स्वयंपाकघरात उजेड मागताय. शिवाय तो ठेवलाय टाकीला खेटून. पत्रा त्याला अडवतो आणि पाणी त्याला पिऊन टाकतं."

"पाणी पितं?"

"तुमचंच पाणी. जन्मभर ज्याची चाकरी केलीत ते."

मामाने मान हलवली. "मग कुठे ठेवायचा?"

"दिवा घरात कुठे ठेवाल? मधोमध, उघड्यावर, कमरेच्या उंचीला."

मामा शिडीपाशी परत आला. मेहुणी शिडीवरून उतरली, बोळात आली आणि खोचलेल्या चादरीसमोर उभी राहिली.

"फ्रिजच्या मागे?" मामाने विचारलं.

त्यांनी फ्रिजच्या मागे ठेवून बघितला. बाहेरच्या खोलीत गाणं अडखळलं. कपाटात ठेवला, स्वयंपाकघरात अडखळलं. खिडकीत ठेवला, तर गल्लीत उत्तम आणि घरात रडगाणं. मेहुणी म्हणाली, "शेजारणीला फुकट वाटायचं असेल तर खिडकी बरी." मामा हसला नाही. तो बोळाकडे बघत होता.

"ती सारखी तिथेच ठेवायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, मला चिडवायला."

"थोडं त्यासाठीही असेल," मेहुणी म्हणाली. "पण मी तिला जागा सांगितली होती. ती म्हणाली, त्यांना नाही पटणार. मी म्हटलं, सांगून बघ. ती म्हणाली, भांडायला एक तरी विषय राहू दे."

मामाने चादरीचं एक टोक सोडवलं. मग दुसरं. मशीनवर धूळ नव्हती. सुईखाली उशीचा अर्धवट शिवलेला अभ्रा होता तसाच होता, दोरा ओवलेला. त्याने अभ्रा हलवला नाही. मशीनचा कोपरा हाताने पुसला आणि डबा तिथे ठेवला.

मग त्याने माळ्यावरची वायर उतरवली आणि पुन्हा भिंतीच्या तळाशी क्लिपा ठोकत मशीनपर्यंत आणली. या कामात त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तोवर मेहुणी डब्याची सेटिंग उघडून बसली.

"भावजी, भोक दाबल्यावर डबा कोरा झाला. नाव गेलं, पासवर्ड गेला. आता हवं ते नाव ठेवता येईल. इतकी वर्षं त्या नावावरून लोक हसत होते ना? बोला, काय ठेवू?"

मामा गुडघ्यावर बसून क्लिप ठोकत होता. हातोडी थांबली. "जुनंच ठेवलं तर?"

"तर सगळ्यात सोपं. नाव तेच आणि पासवर्ड तोच, अगदी अक्षर न् अक्षर, की जुने फोन आपोआप ओळखतात. कुणाला काही करावं लागत नाही. पासवर्ड आठवतोय?"

"न आठवायला काय झालं? तिने घोकून घेतला होता माझ्याकडून."

त्याने सांगितला, तिने घातला. सेटिंग उघडायचा कारखान्याचा पासवर्डही तिने बदलला. म्हणाली, "तो सगळ्या जगाला ठाऊक असतो. नव्या घराचं कुलूप बदलतात तसा हाही बदलायचा." मग ती उठली आणि मामाच्या फोनकडे बोट दाखवलं. फोनला कुणी हात लावला नव्हता. तरी वर कोपऱ्यात खूण आली होती आणि खाली लिहिलं होतं, 'नळ गळतोय'.

स्वयंपाकघरातल्या फळीवर बायकोचा टॅब पडला होता. तो अजून चार्जरवर होता. त्यानेही स्वतःहून नाव ओळखलं. मामाने तो उचलला, बघितला आणि जपून परत ठेवला.

दुपारी लेकीचा कॉल आला. चेहरा स्वच्छ, केसांची बटसुद्धा दिसत होती. मामा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, बोळातून फिरला, स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. चेहरा एकदाही थिजला नाही. मेहुणी मागून डोकावून म्हणाली, "बघ गं, तुझे बाबा घरभर लागतात आता."

"मावशी, तू केलंस?"

"मी सांगितलं. केलं यांनी."

लेक हसली, मग कान देऊन ऐकायला लागली. "बाबा, हा आवाज कसला? टप, टप?"

मामाने नळाकडे बघितलं. लाइन इतकी स्वच्छ झाली होती की थेंब दूरच्या शहरात ऐकू जात होता.

"अजून गळतोय?" लेक म्हणाली. "आई शेवटपर्यंत सांगत होती."

"उद्या बघतो," मामा म्हणाला.

लेकीने कपाळाला हात लावला. मग लेकीला हसू फुटलं, डोळे भरले तरी हसू थांबेना. "रविवारी येते," ती नाक पुसत म्हणाली. "पण न्यायला नाही. भेटायला. आणि उद्या खरंच बघा हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने जुनी पिशवी काढली. पाणी बंद केलं, नळ उघडला. वॉशरच गेला होता. नवा बसवायला चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. मग तो खुर्ची ओढून तिथेच बसला आणि बराच वेळ नळाकडे बघत राहिला.

दुपारी कॉल आला तेव्हा तो तिथेच होता. लेक बोलली, मग थांबली. कपाळाला आठी पडली. "बाबा? ऐकू येतंय का? काहीच आवाज नाही. लाइन गेली की काय?"

"नाही गेली. नळ बंद झालाय."

तिला समजायला क्षण लागला. "केलात?" मग म्हणाली, "आता वायफायचं नाव बदलावं लागेल."

"नाही," मामा म्हणाला. "ते तिने ठेवलंय."

टपटप थांबल्यापासूनचा तो शांतपणा मामाला सोसवेना. त्याने फोन नळाजवळ धरला आणि नळ थोडासा सोडला.

"ऐक," तो म्हणाला. "आहे ना लाइन?"